मेळावा रविवारी असतो, गाडी अडते शनिवारी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांची १९६६ ची फियाट ११०० डिलाइट आहे, वडील ७८ वर्षांचे. लहानपणी ते तुम्हाला ज्या मेळाव्याला न्यायचे तिथे चाळीसेक जुन्या गाड्या लागायच्या. या जानेवारीत नऊ आल्या, आणि तुमच्या वयाचे तुम्ही धरून दोघंच. हा छंद संपत चाललाय का, मेळावा टिकवायचा तर काय करायचं आणि शेवटी, गाडी ठेवायची की विकायची?

पुण्यात जुन्या गाड्यांचं गॅरेज चालवून मला छत्तीस वर्षं झाली. त्यातली वीसेक वर्षं अशा मेळाव्यांची मागची बाजू सांभाळली. रस्ता ठरवायचा, बंद पडलेल्या गाडीमागे पाने-पकड घेऊन धावायचं आणि पोहे वेळेवर येतायत का ते बघायचं. गाडी एकही नाही माझ्या मालकीची, हे आधीच सांगतो. लोक हसतात, पण हलवायाला लाडवाचं कुठे कौतुक असतं!

आधी त्या न आलेल्या एकतीस गाड्यांचं बोलू. माझ्या वहीतली जुनी नावं डोळ्यांसमोर आणली तर भंगारात गेलेल्या गाड्या बोटावर मोजण्याइतक्याच निघतात. काही संग्राहकांकडे गेल्या. बाकीच्या आहेत तिथेच आहेत, कव्हरखाली, आणि बहुतेकांचे मालकही आहेत. फोन केला की तासभर बोलतात, कार्ब्युरेटरच्या जेटचा नंबर पाठ असतो. येत मात्र नाहीत. तेव्हा आवड संपली असं मला वाटत नाही. आवड आणि मैदान यांच्यामध्ये गॅरेजचं दार आहे, ते उघडेनासं झालंय.

एक प्रसंग सांगतो. आमच्याकडचे एक फियाटवाले काका, निवृत्त इंजिनिअर, तेव्हा ८१ वर्षांचे. पंचवीस वर्षांत एक मेळावा चुकवला नव्हता. शनिवारी संध्याकाळी फोन आला, "उद्या येत नाही रे, जरा कणकण आहे." मी त्याच रस्त्याने घरी जात होतो, म्हणून डोकावलो. काका व्हरांड्यात पेपर वाचत बसलेले, ताप वगैरे काही नाही. सदऱ्याला पोटापाशी पाच-सहा बारीक भोकं, कडेने पिवळट झालेली. आत गॅरेजमध्ये बॅटरी जमिनीवर तिरकी पडलेली. चार्जिंगला लावायला म्हणून त्यांनी ती एकट्याने उचलली, हात सटकला, ॲसिड अंगावर आलं. काकूंना सांगितलेलं नव्हतं. कणकण होती ती बॅटरीची.

त्या दिवसापासून मेळावा कुठे मोडतो ते मला कळलं. रविवारी सकाळी आठला मैदानात काय होतं त्याने फारसा फरक पडत नाही. गाडी अडते आदल्या दिवशी. तीन महिने उभ्या फियाटला बाहेर काढायचं म्हणजे काय काय लागतं बघा. बॅटरी चार्ज करायची. टायरमध्ये हवा भरायची, म्हणजे आधी जॅक लावून चाक काढायचं, नाहीतर पायपंप मारायचा. कार्ब्युरेटरच्या बाउलमधलं, म्हणजे त्याच्या वाटीतलं, पेट्रोल उडून गेलेलं असतं, तेव्हा वरून थोडं ओतायचं. पॉइंट, म्हणजे ठिणगीची वेळ साधणारे धातूचे संपर्क, काळे पडलेले असतात, ते पॉलिश पेपरने घासून फीलर गेज या पातळ पट्टीने त्यांच्यातली फट मोजायची. ब्रेकचं पेडल खाली जातंय का ते बघायचं, जात असेल तर एकाने आत बसून पेडल दाबत राहायचं आणि दुसऱ्याने खाली वाकून ब्लीड करायचं, म्हणजे ब्रेकच्या पाइपातली हवा काढायची. पंचेचाळिसाव्या वर्षी माणूस हे सगळं लुंगीवर, रेडिओ लावून, मजेत करतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्याला उकिडवं बसता येत नाही, आणि बसला तर उठता येत नाही. दुसरा माणूस म्हणावा तर बऱ्याच घरांत मुलगा कॅलिफोर्नियात.

पूर्वी हे करायला मेकॅनिक यायचा. तो मेकॅनिकही आता साठीचा आहे. मी स्वतः एकसष्ट पूर्ण केली, माझ्या कमरेला पट्टा आहे. माझ्या उस्तादाच्या हाताखाली आम्ही सहा पोरं होतो, आज त्यातले दोघंच हे काम करतो. नव्या पोरांना स्कॅनर लावून कोड वाचता येतो, आणि त्यात ती खरोखर हुशार आहेत. पण कानाने टायमिंग, म्हणजे ठिणगीची वेळ, लावायचं म्हटलं की गोंधळतात. त्यांना दोष देत नाही. महिन्याला दोन फियाट येणार असतील तर त्यासाठी कोण शिकेल?

अंगाचा भागही आहेच. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही. चालत्या गाडीत ते हलकं वाटतं, पण मैदानात मागे-पुढे करून लावताना खांदे भरून येतात. ब्रेकला बूस्टर नाही, सगळा जोर पायाचा. गुडघा बदललेला माणूस सिग्नलला दहा वेळा क्लच दाबून थकतो. आता गंमत ऐका. आमच्यात एका बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा घरच्या नव्या गाडीत त्यांना बसता येईना. पण यजमानांच्या डुक्कर फियाटमध्ये त्या आरामात बसायच्या. पन्नाशीच्या दशकातली ती गोल पाठीची फियाट, तिचं पुढचं दार मागच्या बाजूला बिजागरी असलेलं, म्हणजे उलटं उघडणारं. दार उघडलं की आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. दिसायला जुनाट, पण म्हाताऱ्या गुडघ्याला तेच सोयीचं.

डोळ्यांचं आणि लायसन्सचं वेगळंच. पंचावन्ननंतर लायसन्सचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, सोबत डॉक्टरचा फॉर्म १-ए. नियम बरोबरच आहे. पण कित्येक जण एकदा मुदत संपली की पुन्हा त्या रांगेत जात नाहीत आणि घरीही सांगत नाहीत. मेळाव्याचं आमंत्रण आलं की कणकण येते.

आणि जागा! पुण्यात प्रभात रोड, एरंडवणे, कोथरूड, जिथे जिथे या गाड्या होत्या तिथे त्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये होत्या. गॅरेज म्हणजे फक्त छप्पर नव्हे. तिथे भिंतीला पाने टांगलेले, कोपऱ्यात जास्तीचं रेडिएटर, खाली एक ऑइलचा डाग. बंगला पुनर्विकासाला गेला की बदल्यात दोन फ्लॅट आणि यांत्रिक पार्किंगची एक पाळणावजा जागा मिळते. तिथे बॉनेट उघडून बसाल तर सोसायटीची नोटीस येते. माझ्या पाहण्यात गाड्या विकल्या गेल्या त्या मालक गेल्यामुळे कमी आणि बंगला गेल्यामुळे जास्त.

पेट्रोलचंही थोडक्यात सांगून टाकतो, कारण तुम्हाला लगेच लागेल. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. साठच्या दशकातलं रबर त्यासाठी बनलेलं नाही. पाइप फुगतात, गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा मऊ पडतो, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं म्हणून उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. पाइप आणि पडदा इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्या, गाडी उभी राहणार असेल तर बाउल रिकामा करून ठेवा. मोठा खर्च नाही. पण म्हाताऱ्या मालकाला कोणी हे सांगितलेलं नसतं. गाडी दोनदा रस्त्यात बंद पडते, मागचे हॉर्न वाजवतात, तिसऱ्यांदा तो काढतच नाही.

यात आमचा, म्हणजे भरवणाऱ्यांचा, वाटा लहान नाही. माझाच एक पराक्रम सांगतो. एका वर्षी हॉलची तारीख मिळेना म्हणून मेळावा मे महिन्यात घेतला आणि वर शहाणपणा म्हणून रस्ता दिवे घाटातून सासवडचा ठरवला. वारी चढते तो घाट, आपल्या गाड्यांना काय जड, असं मीच म्हणालो होतो. अर्ध्या चढावर पाच गाड्या उभ्या. उन्हात गाडीच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुढे पेट्रोल जाईनासं होतं. मी एकेका पंपावर ओलं फडकं गुंडाळत वर-खाली धावत होतो, आणि सत्तरी ओलांडलेले पाच-सहा जण कठड्यापाशी उन्हात उभे. एका आजोबांना घेरी आली. सुदैवाने सावलीत बसवून पाणी दिल्यावर बरे झाले. पण त्या पाचांपैकी तिघं पुन्हा कधी आले नाहीत. त्यांनी तक्रार केली नाही. तक्रार केली असती तर बरं झालं असतं.

दुसरी चूक बक्षिसांची. सुरुवातीला बक्षीस असायचं ते सर्वांत लांबून स्वतः चालवत आलेल्याला. मग चकचकीत रंगाला, क्रोमला, अस्सल बटणांना गुण सुरू झाले. ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांच्या गाड्या ट्रकवरून यायला लागल्या, सोबत पुसायला माणूस. त्यांच्या शेजारी पेन्शनीत भागवणाऱ्याची, एका दाराचा रंग वेगळा असलेली फियाट उभी राहिली की तो माणूस दिवसभर त्या दाराला पाठ लावून उभा असतो. पुढच्या वर्षी तो का येईल? वय हे कारण सगळे सांगतात कारण ते सांगायला सोपं आहे. लाज वाटते हे कोण सांगणार?

आता तरुणांचं. तुमच्या वयाचे दोघंच होते म्हणता, पण ते मैदानात नव्हते म्हणून त्यांना जुन्या गाड्या आवडत नाहीत असा अर्थ काढू नका. वीस वर्षांची मर्यादा पूर्ण करून मुंबईतली शेवटची नोंदलेली पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली, तेव्हा हळहळणाऱ्यांत पंचविशी-तिशीतली पोरं किती होती! ती पोरं आहेत, फक्त त्यांच्याकडे पद्मिनी नाही. त्यांच्याकडे आहे बाबांची मारुती ८००, काकाची यामाहा आरएक्स १००, आजोबांची चेतक किंवा येझदी. आणि ती घेऊन कोणी आलं की आमचे ज्येष्ठ म्हणतात, "ही कसली जुनी? ही तर कालची."

कालची म्हणजे कधीची? पहिली मारुती ८०० डिसेंबर १९८३ मध्ये ग्राहकाच्या हाती गेली. आरएक्स १०० निघाली १९८५ ला आणि बंद झाली १९९६ ला. जुन्या वाहनांची जी जागतिक संघटना आहे, फिवा, ती तीस वर्षांवरच्या आणि मूळ रूपात जपलेल्या वाहनाला ऐतिहासिक मानते. आपल्या सरकारने जुलै २०२१ च्या नियमांत विंटेजसाठी पन्नास वर्षं धरली. ती नोंदणीपुरती ठीक आहे. पण मैदानाच्या दारात पन्नासची पट्टी लावली तर १९८३ ची मारुती २०३३ पर्यंत बाहेर उभी राहणार, आणि तोवर आत कोण असेल? १९९० च्या आसपास जन्मलेल्या माणसाचा जीव १९६६ च्या फियाटवर जडतो तो तुमच्यासारखा घरात फियाट असली तरच. बाकीच्यांचा जीव मारुतीच्या मागच्या सीटवर अडकलेला आहे. मी फिवाच्या बाजूचा आहे, आणि यावरून माझं दोन मित्रांशी बोलणं बंद झालंय. आरएक्सवाल्यांना सकाळी सायलेन्सरचा आवाज कमी ठेवा असं सांगावं लागतं, हे कबूल.

मेळावा टिकवायचा तर माझ्या अनुभवातून जे जमलं तेवढंच सांगतो. गेली चार वर्षं आम्ही शनिवारची टोळी करतो. तीन-चार तरुण पोरं, एक पोर्टेबल पंप, जंप केबल, ब्रेक ऑइल, एक डबा पेट्रोल. आदल्या दिवशी ठरलेल्या पाच-सहा घरी जायचं, गाडी सुरू करून कोपऱ्यापर्यंत फिरवून आणायची. एका घरी साधारण तास, त्यातली वीस मिनिटं चहा. आधी मला वाटलं ज्येष्ठांचा मान दुखावेल. म्हणून पोरांना सांगून ठेवलं की हत्याराला हात लावण्याआधी विचारायचं, "काका, तुम्ही पॉइंट कसे लावता?" काका खुर्चीवर बसून सांगतात, पोरं करतात. ॲसिडवाले काका या टोळीमुळे आणखी दोन वर्षं आले. आणि पोरांना जे हवं होतं, म्हणजे बॉनेटच्या आत हात घालायला मिळणं, तेही मिळालं. नाना पेठेत कुठल्या दुकानात अजून ब्रेकच्या व्हील सिलिंडरचे रबरी कप मिळतात, जुन्या बाजारात काय शोधायचं, हे त्यांना याच फेऱ्यांत कळतं.

ज्यांना चालवणं जमत नाही त्यांची गाडी दुसऱ्याने चालवायची आणि मालकाने डावीकडे बसायचं. हे सुचवायला सोपं, पटवायला अवघड. पन्नास वर्षं उजवीकडे बसलेला माणूस सहजासहजी डावीकडे सरकत नाही. आमच्याकडे एका घरात सुनेने हे जमवलं. सासऱ्यांच्या स्टँडर्ड हेराल्डमध्ये ती आधी नुसती शेजारी बसायची, मग सोसायटीच्या आवारात एक फेरी, मग मैदानातून घरी परत जाताना. वर्षभर लागलं. आता सासरे डावीकडून गिअर कधी बदलायचा ते ओरडून सांगतात आणि ती ऐकत नाही. चालवणाऱ्याचं लायसन्स आणि विम्याच्या पॉलिसीतलं ड्रायव्हरचं कलम तेवढं आधी तपासा.

गाडी नसली तरी माणूस आला पाहिजे. हे आम्ही फार उशिरा शिकलो. गाडी विकलेल्यांना आम्ही बोलावणंच बंद केलं होतं, जणू मंडळातून नाव कमी झालं. आता त्यांना घरून आणतो. जागा निवडताना मी पहिली गोष्ट बघतो ती स्वच्छतागृह, मग हात असलेल्या खुर्च्या, मग सावली. गाड्या कुठे लावायच्या ते शेवटी. सत्तरीच्या पुरुषाला दर तासाला जावं लागतं, आणि जवळ सोय नसेल तर तो चहा टाळतो, मग कार्यक्रमच टाळतो. रस्ता वीस किलोमीटरच्या आत, घाट नाही, नोव्हेंबर ते फेब्रुवारी, अकराच्या आत सगळे घरी.

राहिला तुमच्या फियाटचा प्रश्न. विकायची घाई करू नका, पण कागदांची घाई जरूर करा. गाडी वडिलांच्या नावावर आहे. २०२१ पासून नोंदणी पुस्तकात नॉमिनी लावता येतो, तो वडील असतानाच लावून घ्या. नाहीतर नंतर मालकी बदलाचा फॉर्म ३१, वारसांच्या सह्या, आणि एखादी बहीण परदेशात असेल तर तिचंही संमतीपत्र. मी अशा कागदांसाठी अडकून दोन-दोन पावसाळे उघड्यावर कुजलेल्या गाड्या पाहिल्यात.

गाडी पन्नास वर्षांवरची, म्हणजे विंटेज नोंदणीला पात्र. गाडी मूळ रूपात हवी. नवी नोंदणी २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी, नूतनीकरण ५,०००. आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नंबरातली वेगळी व्हीए मालिका नव्याने नोंदणाऱ्यांसाठी. पण त्यात एक मेख आहे: अशी गाडी रोज वापरता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर. तुमचे वडील अजून तिच्यातून मंडईत जात असतील तर साधी नोंदणीच चालू ठेवा, दर पाच वर्षांनी पासिंग करून. तिची फी १ एप्रिल २०२२ ला ६०० वरून ५,००० झाली आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना पुढे आणखी वाढली, पर्यावरण कर वेगळा. हिशेब करून ठरवा.

आणि पुढच्या शनिवारी गाडीपाशी जा. ब्रेक आधी, इंजिन नंतर. या गाडीला एकच ब्रेक लाइन आहे, एका चाकाचा कप गळला तरी चारही ब्रेक जातात. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं इंजिन ऑइल सोडा, चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हळू ढकला म्हणजे इंजिन हाताने फिरेल. मग प्लग लावा. त्या वेळी वडिलांना खुर्ची टाकून शेजारी बसवा आणि फोनचं रेकॉर्डिंग सुरू ठेवा. थंडीत चोक किती ओढायचा, ॲक्सिलरेटरला किती वेळा पाय मारायचा, दुसरा गिअर अडकला तर काय करायचं, हे प्रत्येक गाडीचं वेगळं असतं. तुमच्या गाडीचं मलाही माहीत नाही, ते फक्त त्यांनाच माहीत आहे.